कोरडी सुई

निरोगी माणसाच्या अंगात सुई खुपसणे हा आपल्याकडे काही नवा प्रकार नव्हे. बारशाच्या आगेमागे सोनार घरी येतो आणि पाळण्यातल्या जिवाचे कान टोचून जातो. मूल कळवळून रडते, आजी त्याच्या ओठांना साखर लावते, आणि बाकीची मंडळी सोनाराच्या हातावर काय ठेवावे याचा विचार करीत असतात. मुलीचे नाक पुढे केव्हातरी टोचले जाते. गोंदणाऱ्या बायका गावोगाव हिंडत, तेव्हा कपाळावर नि हनुवटीवर हिरवे ठिपके उमटवून घेण्यासाठी पोरी दातओठ आवळून बसत. देवी टोचणारा गावात आला की पोरे माळ्यावर दडत, आणि त्यांना ओढून खाली आणणारे हात घरच्यांचेच असत. यांपैकी कोणीही आजारी नव्हते. तरीही सुई गेली, आणि तिच्या मागे काहीतरी राहिले : सोन्याची वाळी, हिरवा रंग किंवा लस. टोचल्याचा मोबदला अंगावर दिसे किंवा अंगात मुरे.

आज ज्या सुईविषयी मला लिहायचे आहे ती मात्र अंगात जाते आणि मागे काहीही न ठेवता बाहेर येते. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव असते. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन-चार केस शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. तिच्यात औषध नाही म्हणून ती कोरडी. ‘ड्राय नीडलिंग’ या इंग्रजी नावाचा अर्थ एवढाच. मानेपासून खांद्याकडे उतरणारा जो स्नायू आहे, जिथे कावडीचा बांबू टेकतो आणि मुलांच्या दप्तराचे पट्टे रुततात, तो चिमटीत धरला की पुष्कळांच्या बाबतीत बोटांना तारेसारखा ताठ दोर लागतो. त्या दोरावर एखादी जागा अशी सापडते की ती दाबताच माणूस खांदा आखडून घेतो. या जागेला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप इथे ओढला की गोळी तिकडे लागते, तसे खांद्यावर दाबावे आणि कळ कानामागून कानशिलापर्यंत जावी. त्या जागी सुई घालून ती वरखाली केली म्हणजे स्नायू एकदम तडफडतो, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा. हे तडफडणे म्हणजे सुई नेमकी लागल्याची खूण, असे हा उपाय करणारे मानतात. मग एक-दोन दिवस ती जागा ठणकते, आणि ठणका ओसरला की मान मोकळी वाटते.

ज्याची मान धरली आहे त्याच्या बाबतीत यात न समजण्यासारखे काही नाही. पाठीत भरलेली उसण काढण्यासाठी पायाळू माणसाची लाथ खाणारी आपली माणसे; एक कळ घालवण्यासाठी दुसरी कळ सोसणे त्यांना चमत्कारिक वाटणार नाही. परंतु ही सुई आता ज्यांचे काहीच दुखत नाही अशा विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या खांद्यांत, पोटऱ्यांत आणि मांड्यांत घातली जाते. कधी प्रयोग म्हणून, कधी उपचार म्हणून. वैद्यकाचे माझे शिक्षण शून्य आहे. मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरीसुद्धा हा प्रश्न मला वैद्यांवर सोपवून देता येत नाही, कारण तो मुळात वैद्यकाचा नव्हेच. न दुखणारे अंग दुखवण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि तो येतो कुठून?

या शास्त्राचा उगमच निरोगी अंगात आहे, हे वाचताना मला विशेष वाटले. १९३८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये जॉन केलग्रेन नावाचा एक तरुण डॉक्टर खाऱ्या पाण्याची पिचकारी घेऊन बसला होता. स्नायूची वेदना नेमकी कुठे जाणवते हे त्याला पाहायचे होते. त्याने सहा टक्के मिठाचे पाणी स्वतःच्या आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या इतरांच्या स्नायूंत थोडे थोडे टोचले, आणि कळ कुठवर पसरते हे विचारून विचारून चित्रे काढली. स्नायू एकीकडे नि वेदना दुसरीकडे, हे त्या चित्रांतून दिसले. अमेरिकेत डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी पुढे याच वाटेने आयुष्यभर काम केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठीवर उपचार करणाऱ्या त्या याच, आणि १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या पहिल्या स्त्री-डॉक्टर झालेल्या त्याही याच. त्या बधिरीचे औषध टोचीत. गुण औषधाचा की सुईचा, हा प्रश्न प्रागच्या कारेल लेव्हिट यांनी १९७९ मध्ये धसाला लावला. त्यांच्या २४१ रोग्यांच्या अंगावरल्या ३१२ जागांपैकी सुमारे ८७ टक्के जागी नुसत्या सुईने तत्काळ उतार पडला, असे त्यांनी प्रसिद्ध केले. तेव्हापासून औषध गळाले आणि सुई उरली.

परंतु आपल्या प्रश्नाला खरा पीळ पडतो तो १९५५ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत सोला आणि त्यांचे सहकारी यांनी काहीही दुखत नसलेल्या २०० तरुणांचे खांदे चाचपून पाहिले. मुलींपैकी ५४ टक्के आणि मुलांपैकी ४५ टक्के जणांच्या खांद्यांत दाबल्यावर दुखणाऱ्या अशा जागा सापडल्या. दुखत तर नाही, पण दाबले की दुखते. अशा जागेला पुढे ‘सुप्त’ म्हणू लागले, आणि आपण होऊन दुखते ती ‘जागृत’. सुप्त जागेमुळे स्नायू आखडतो, लवकर थकतो आणि ताण पडला की ती जागा जागी होते, असे या मताचे लोक सांगतात.

आता पाहा, एका विशेषणाने काय होते ते! कालपर्यंत तो मुलगा निरोगी होता. आज कोणी त्याच्या खांद्याला अंगठा लावला, तो ‘आई गं’ म्हणाला, आणि त्याच्या अंगात एक निजलेला रोग आहे असे ठरले. साप निजलेला असला तरी सापच. तो घरात आहे हे एकदा कळले की घरमालकाची झोप उडते. मुलाच्या खांद्यात काहीच बदललेले नसते. बदललेले असते ते त्याचे आपल्या अंगाशी असलेले नाते. निरोगी माणसाला आपले शरीर आठवत नाही, हेच त्याचे ऐश्वर्य. ‘सुप्त’ या शब्दाने ते ऐश्वर्य अलगद काढून घेतले जाते, आणि त्यासाठी सुईचीही गरज लागत नाही. निम्म्या तरुणांत जे सापडते त्याला रोग म्हणायचे, तर मग तारुण्याचाच तो एक अवयव का म्हणू नये?

हा केवळ मास्तरांचा शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. पण खुद्द जाणत्यांतच याविषयी एकवाक्यता नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत या विषयातल्या नामांकितांना काही रोगी आणि काही निरोगी माणसे, कोण कोणता हे न सांगता, चाचपायला दिली होती. ताठ दोर आणि स्नायूचे तडफडणे दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात आढळले, आणि परीक्षकांचे आपसांतही नीट जुळले नाही. त्या लेखाच्या कर्त्यांत डेव्हिड सायमन्स हे एक होते, आणि तेच तर ट्रॅव्हेलबाईंच्या बरोबरीने या विषयाचा मोठा ग्रंथ लिहिणारे! आपल्याच मताला अडचणीत आणणाऱ्या लेखावर सही करणे ही गोष्ट आपल्या साहित्यव्यवहारात तरी दुर्मीळ आहे. २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या तिघांनी तर वेदना खरी असली तरी तिचे मूळ त्या गाठीत आहे ही कल्पनाच टिकत नाही, असे सविस्तर लिहिले. उलट बाजूने २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय बारीक सुईने खांद्याच्या स्नायूतला द्रव काढून तपासला, आणि दुखऱ्या जागेत दाह नि वेदना यांच्याशी संबंधित द्रव्ये अधिक असल्याचे दाखवले. त्या प्रयोगात माणसे नऊच होती. तिघे दुखणारे, तिघे सुप्त, आणि तिघे असे की ज्यांच्या खांद्यात काहीही नव्हते. ते शेवटचे तिघे माझ्या मनातून जात नाहीत. दुखण्याचा रस काय असतो हे कळण्यासाठी न दुखण्याचा रस कोणीतरी काढून द्यावा लागतो. त्यांनी तो दिला.

निरोगी माणूस प्रयोगाला का लागतो, याचे उत्तर यातच आहे. रोग्याचे दुखणे आपोआप कमीजास्त होत असते; त्याला बरे व्हायची आशा असते, आणि आशा हेही एक औषधच. सुईने काय केले आणि आशेने काय केले, हे त्याच्या बाबतीत वेगळे काढणे कठीण. म्हणून निरोगी तरुण घेतात. रबरी टोकाचे दाब मोजणारे एक यंत्र त्याच्या खांद्यावर टेकवतात आणि हळूहळू दाब वाढवीत नेतात. दाबाचे ज्या क्षणी दुखणे होईल त्या क्षणी त्याने ‘आता’ म्हणायचे. काट्यावरचा आकडा लिहून घेतात. मग सुई घालतात आणि पुन्हा तेच. काहींना खरी सुई न देता बोथट टोकाची, मुठीत मागे सरकणारी सुई टेकवतात. अशी एक सुई १९९८ मध्ये जर्मनीतल्या दोघा संशोधकांनी ॲक्युपंक्चरच्या तपासणीसाठी पुढे आणली होती. म्हणजे फसवणूकही संमती घेऊनच करायची. नाटकाचे तिकीट काढणाऱ्याला जशी आपण फसवून घ्यायला चाललो आहोत याची जाणीव असते, तसे ते आहे. त्यात मला अनीती दिसत नाही.

मला दिसते ती दुसरीच गोष्ट. एवढा सारा खटाटोप, यंत्रे, आकडे, कोष्टके, आणि या सगळ्याच्या तळाशी काय आहे? एका मुलाने उच्चारलेला ‘आता’ हा शब्द. तो खरा मानण्यावाचून गत्यंतर नाही. वेदना मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. निघाले आहे ते दाब मोजण्याचे. दुखते की नाही हे ज्याचे त्यानेच सांगायचे आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा. एरवी शास्त्राला माणसाच्या शब्दाचे वावडे असते. इथे मात्र ते माणसाच्या शब्दावर उभे आहे. ज्याच्या ‘आता दुखले’ या शब्दावर तुम्ही एवढी मोठी इमारत चढवता, त्याच्या ‘मला नको’ या शब्दालाही तेवढेच वजन दिले पाहिजे. किंबहुना ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याचा ‘आता’ही तुमच्या उपयोगाचा नाही. जो भिडेने हात पुढे करतो तो भिडेनेच दुखणेही सांगेल, आणि तुम्हाला हवे असेल तसे सांगेल.

पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची एक वाट काढली होती. आधी स्वतः! २५ एप्रिल १९०३ रोजी हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरांनी आपल्याच डाव्या हाताची संवेदनेची मज्जा शस्त्रक्रियेने तोडून घेतली, कारण संवेदना परत कशी येते ते रोग्यांना धड सांगता येत नव्हते. त्यानंतर सुमारे चार वर्षे ते सवडीने केंब्रिजला जात, डोळे मिटून बसत, आणि त्यांचे मित्र रिव्हर्स त्या हातावर सुया, कापूस, गरम-थंड नळ्या लावून काय जाणवते ते विचारीत. एकाने टोचायचे, दुसऱ्याने सांगायचे, आणि दोघेही बरोबरीचे. हेड ‘आज पुरे’ म्हणाले असते तर रिव्हर्स यांनी सुया उचलून ठेवल्या असत्या.

आपल्या मुंबईतही असेच एक उदाहरण आहे, पण त्याला एक शेपूट आहे. प्लेगने शहर ओस पडत होते तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. तिच्यावरून जाताना हात जोडावेत असा तो माणूस होता. पण त्यानंतर त्याच महिन्यात लस टोचली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगात प्लेग शिरला होता, मरण दाराशी होते, तेव्हा त्यांनी आनंदाने दंड पुढे केले असतील हे मला पटते. तथापि कैद्याची स्वेच्छा ही चीज कोणत्या तराजूत तोलायची? हाफकिनसाहेबांनी स्वतःला टोचून घेतले ते त्यांच्या धैर्याचे प्रमाण होय. कैद्यांच्या संमतीचे ते प्रमाण होऊ शकत नाही. मी विष चाखून पाहिले एवढ्यावर तुम्हाला ते पाजण्याचा हक्क मला मिळत नसतो. ‘आधी स्वतः’ ही वाट उदात्त आहे, पण ती अर्ध्यावर संपते.

कोरड्या सुईच्या प्रयोगांत कैदी नसतात. असतात ते बहुधा विद्यार्थी. अठरा ते तीस वयाचे, निरोगी, आणि हाताशी असलेले. फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात असे खांदे जितके सहज मिळतात तितके अन्यत्र कुठे मिळणार?

सहा वर्षांपूर्वी माझ्या शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी अशाच एका महाविद्यालयात शिकते. कुठल्या, ते सांगण्याचे कारण नाही. सुट्टीत गावी आली तेव्हा ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. संमतिपत्र होते. वरच्या वर्गातल्या कोणाच्या तरी प्रबंधासाठी चाळीस निरोगी खांदे हवे होते.

“सर, सही करू का?”

“तुला करावीशी वाटते का?”

“दुखायची भीती नाही मला. पण मॅडमनीच वर्गात विचारलं, कोण कोण तयार आहे म्हणून. सगळ्यांनी हात वर केले.”

“आणि तू?”

“मीही केला. एकटी खाली कशी ठेवणार?”

मी कागद वाचला. चांगला होता. धोके लिहिलेले होते, नकार दिल्यास गुणांवर परिणाम होणार नाही हेही लिहिलेले होते. मी ते वाक्य तिला बोटाने दाखवले.

“हो, वाचलं मी,” ती म्हणाली. “पण सर, ते कागदावर.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि समजा, सुई घातल्यावर मला काहीच फरक वाटला नाही, तर तसंच सांगायचं ना?”

“तसंच सांगायचं.”

“मॅडम समोर उभ्या असताना?”

या मुलीने कोणतेही नीतिशास्त्र वाचलेले नव्हते. तिने पुढे सही केली की नाही हे मी विचारले नाही; विचारले असते तर मीही एक मॅडमच झालो असतो.

वर्गात वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला हात वर होणे म्हणजे काय ते ठाऊक असते. चाळीस हात वर जातात तेव्हा त्यांतले दहा मुलांचे स्वतःचे असतात, बाकीचे शेजाऱ्याचे हात पाहून वर गेलेले. सहलीला, वर्गणीला, ग्रंथालयाच्या सफाईला हे चालून जाते. सुईला चालू नये. शिक्षक वाईट असतो म्हणून नव्हे. तो चांगला असला म्हणजे तर मुलांना नाही म्हणणे अधिकच जड जाते. धाकाला मुले चुकवतात, पण मायेला चुकवणे त्यांना जमत नाही. जगाच्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये हेल्सिंकी येथे माणसांवरल्या प्रयोगांचे जे नियम केले, त्यांत १९७५ मध्ये भर पडली ती हीच : प्रयोगातला माणूस डॉक्टरवर कोणत्याही नात्याने अवलंबून असेल तर त्याची संमती विशेष सावधपणे घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असणाऱ्यांना जपण्यास सांगितले आहे, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे. नियम आहेत. पण नियम कागदावर असतो आणि मॅडम समोर उभ्या असतात.

आपल्या सुश्रुताला शिष्यांची ही अडचण ठाऊक असावी असे मला उगीच वाटते. संहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय शिष्यांच्या सरावाविषयी आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करावा. आणि टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात साफ करावा असे तिथे सांगितलेले नाही. याच सुश्रुताने देहातली १०७ मर्मे मोजली आहेत, आणि त्यांतली आठ तर केवळ ‘रुजाकर’, म्हणजे इजा झाली असता वेदना देणारी. त्याने जागा मोजल्या त्या शस्त्र तिथून दूर ठेवण्यासाठी. मर्मे आणि ट्रिगर पॉइंट एकच, असे सांगणारे उत्साही लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्या नादी लागण्याचे कारण नाही. मला भावते ती त्या कमळाच्या देठामागची बुद्धी.

पण कमळाचा देठ ‘आता’ म्हणत नाही, हीच तर पंचाईत आहे. सरावाला देठ चालेल. वेदनेच्या ज्ञानाला माणूसच हवा. निरोगी माणसांनी खांदे द्यायचे नाहीत असे ठरले, तर उद्या खरोखर मान धरलेल्या हमालाच्या खांद्यात सुई जाईल ती अज्ञानाने जाईल. त्याच्यावर होणारा तोही प्रयोगच, फक्त त्याला न सांगता केलेला. म्हणून स्वतःहून खांदा देणाऱ्या तरुणाविषयी मला आदर आहे. रक्तदानाच्या रांगेत उभा राहणारा आणि हा, यांत मी फारसा फरक करीत नाही. त्याने मोबदल्यात काही मागितले नाही, सुईनेही काही मागे ठेवले नाही, आणि कोणा अनोळखी माणसाची मान त्यामुळे उद्या मोकळी होणार असेल किंवा निष्फळ टोचण्यातून वाचणार असेल, तर हे दान लहान नव्हे. ‘या सुईने काही होत नाही’ हे सिद्ध झाले तरी त्याचे दान फुकट गेले असे होत नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा सुईवर एवढा काथ्याकूट कशाला? धोका तो किती? आयर्लंडमधल्या ३९ फिजिओथेरपिस्टांनी आपल्या ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली होती, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत १,४६३ वेळा किरकोळ त्रास झाला : काळेनिळे होणे, थेंबभर रक्त येणे, दुखणे. गंभीर असे काहीही घडले नाही. खांद्याच्या त्या स्नायूखाली फुप्फुसाचे टोक असते आणि हात चुकला तर छातीत हवा शिरू शकते, पण ते क्वचित. हे सारे मान्य. तरीही ‘किरकोळ’ हा शब्द मला खटकतो. किरकोळ कोणी ठरवायचे? सुई धरणाऱ्याने की सुई घेणाऱ्याने? मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी घरचे दहा जण जमतात, डॉक्टर दोनदा समजावून सांगतात, सही करणारा कागद वाचतो. संमतीची हेळसांड होते ती किरकोळ गोष्टीतच. ‘अगं, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असे म्हणून आपण पोरीचे नाक टोचले. ती मुंगी आपल्याला चावली नव्हती.

प्रयोगाविषयी मी इतका सौम्य असलो तरी निरोगी माणसावर उपचार म्हणून ही सुई चालवतात त्याविषयी माझे मत निराळे आहे. शहरांत आता व्यायामशाळेत जाणाऱ्या, पळण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या तरुणांना सांगितले जाते की तुमच्या पोटरीत सुप्त गाठी आहेत, त्या आजच मोकळ्या करून घ्या, म्हणजे उद्या दुखणार नाही. उद्या दुखले नाही तर सुईमुळे; दुखले तर वेळेवर आला नाहीत म्हणून. या व्यवहारात सुई कधी हरतच नाही. प्रयोगातल्या मुलाला निदान सांगितलेले असते की आम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुझा खांदा हवा आहे. इथे ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याप्रमाणे विकली जाते, आणि गिऱ्हाईक आपण निरोगी आहोत ही समजूत देऊन बदल्यात दोन दिवसांचा ठणका नि पुढच्या भेटीची तारीख घेऊन घरी जाते. सोनाराने कान टोचले तर निदान डूल तरी घालता येतात.

प्रयोगांचे अहवाल वाचताना मला अलीकडे एक सवय लागली आहे. निष्कर्षाकडे जाण्याआधी मी किती जणांनी सुरुवात केली आणि किती शेवटपर्यंत राहिले, ते आकडे पाहतो. चाळीस आले, एकोणचाळीस राहिले, असे कुठेतरी एका ओळीत असते. गळलेल्या माणसाला कारण विचारू नये असाच दंडक आहे, आणि तो योग्य आहे. पण कादंबरीकाराची खोड जात नाही. तो चाळिसावा मुलगा टेबलावर पालथा निजलेला असेल, सुई जवळ आली असेल, शिक्षक शेजारी उभे असतील, एकोणचाळीस वर्गमित्र आधी होऊन गेलेले असतील, आणि मग तो उठून बसला असेल, सदऱ्यात हात घालू लागला असेल. तेव्हा खोलीत कोण काय बोलले, आणि त्या शिक्षकांनी त्याच्याकडे कसे पाहिले, ते अहवालात कुठेच छापलेले नसते.